वाई : तीन दिवस, दोन खोल्या आणि आमटीची बादली

गेली तीस वर्षं आम्ही वाईला जातोय, म्हणजे वाईवरून जातोय. सुरूर फाट्याला हायवे सोडायचा, पुलावरून ढोल्या गणपतीच्या कळसाला गाडीतूनच हात जोडायचे आणि पसरणीच्या घाटाला लागायचं. महाबळेश्वरला जाताना एक नमस्कार, परत येताना दुसरा. याहून जास्त ओळख नव्हती.

या फेब्रुवारीत ती झाली, कारण मी निवृत्त झाल्यावर पुण्यात राहायचं नाही असं हिने परस्पर ठरवून टाकलं. हिच्या शाळेतल्या मैत्रिणीच्या ओळखीत वाईच्या एका आळीतल्या जुन्या वाड्यात माडीवरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या होत्या. आळीचं नाव लिहीत नाही, मालकांनी नको म्हटलंय. "नुसतं बघून येऊ," ही म्हणाली. या वाक्यावर आमच्या घरात आजवर एक फ्रीज आणि एक जमिनीचा तुकडा आलेला असल्यामुळे मी सावध होतो.

दिवस पहिला, गुरुवार

खंबाटकी चढेपर्यंत काही सांगण्यासारखं नाही. सुरूर सोडल्यावर मात्र उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला. कारखान्यांचा हंगाम ऐन भरात होता. ट्रॉलीच्या मागे वीसच्या वेगाने जाताना डावी-उजवीकडे बघायला भरपूर वेळ मिळतो. समोर पांडवगडाचा सपाट माथा, चारी बाजूंना डोंगर आणि मधल्या खोलगट जागेत गाव. इतक्या वर्षांत हे दिसलंच नव्हतं, कारण त्या वेळी आमचं लक्ष घाटात पुढे किती गाड्या आहेत याकडे असायचं.

गाडी आळीत शिरली आणि तिसऱ्याच घराच्या ओट्याला आरसा घासला. ओट्यावर बसलेल्या आजोबांनी पेपर खाली न करता सांगितलं, "गाडी नदीकाठी लावा, इथे बैलगाडीच्या मापाने गल्ल्या आहेत." म्हणून पहिली सूचना इथेच देतो : वाईच्या जुन्या आळ्यांत चारचाकी घालू नका. बाहेर मोकळ्या जागेत लावा आणि चाला. अख्खं जुनं गाव अर्ध्या तासात पायी पालथं घालता येतं.

वाडा बाहेरून पाहिला तर माझा जीव हलका झाला, कारण एका बाजूची भिंत पार खचलेली होती. म्हटलं, संपलं काम. पण दिंडी दरवाजातून वाकून आत गेलो तर चौक, चौकात तुळस, सारवलेलं अंगण आणि वर निळा चौकोन आकाशाचा. बाहेर ऊन चटका देत होतं, आत ओसरीवर हात गार पडावेत असा थंडावा. दोन-दोन हात जाडीच्या भिंती आहेत, त्यांत कोनाडे. हिने लगेच एका कोनाड्यात पर्स ठेवली. मी ओळखलं.

मालक अण्णा आणि काकू, दोघंही पंचाहत्तरीच्या आसपास. मी भाड्याचा विषय काढला तर अण्णा म्हणाले, "त्याची काय घाई आहे? तीन दिवस राहा. नळ किती वाजता येतो, लाईट कधी जाते, वटवाघळं कुठून शिरतात ते सगळं बघा. नंतर आम्हाला शिव्या नकोत."

खचलेल्या भिंतीचंही त्यांनीच सांगितलं. ती दुरुस्त होत नाही, कारण वाड्याच्या उताऱ्यावर अकरा नावं आहेत. त्यांतली चार पुण्यात, दोन मुंबईत, एक अमेरिकेत. "सह्या गोळा होईपर्यंत भिंत राहील की नाही, कोण सांगणार?" जुन्या गावात वाडा विकत घ्यायची स्वप्नं बघणाऱ्यांनी हे वाक्य वहीत लिहून ठेवावं. आधी उतारा बघायचा, मग कोनाडे.

दुपारी मला एकच गोष्ट बघायची होती. गंगापुरीत मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. शाळेच्या ग्रंथालयात खालच्या फळीवर ते जाड खंड असायचे. पाऊस असला की पी.टी.च्या तासाला आम्ही त्यांत घुसायचो. एवढं मोठं काम मुंबईतच कुठेतरी चालत असणार, असं मी धरून चाललो होतो. पहिला खंड १९७६ साली निघाला, विसावा २०१५ मध्ये. 'अ'पासून सुरू झालेलं ते सगळं जगाचं ज्ञान या नदीकाठच्या तालुक्याच्या गावात बसून लिहिलं, तपासलं गेलं. याचं कारण तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. मूळचे धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे. पोरवयात शिकायला वाईच्या प्राज्ञपाठशाळेत आले आणि वाईचेच झाले. पुढे विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाल्यावर काम त्यांच्यामागोमाग इथे आलं.

प्राज्ञपाठशाळाही तिथेच, गंगापुरीत. नारायणशास्त्री मराठे म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती यांनी उभी केलेली. गांधीजींच्या आश्रमातून वर्षभराची सुट्टी घेऊन विनोबा बाहेर पडले, तेव्हा उपनिषदं आणि ब्रह्मसूत्रं शिकायला ते याच शास्त्रीबुवांकडे येऊन राहिले होते. मी बाहेर उभा राहून हे सगळं हिला ऐकवत होतो. तेवढ्यात एक बाई भाजीची पिशवी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "जरा सरकता का? दारात उभे आहात."

संध्याकाळी घाटावर गेलो. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं. मूर्ती एकाच दगडातली आणि नावाप्रमाणेच अंगाने भरलेली. समोर उभं राहिलं की गाभारा लहान वाटतो. पण तिथे जाणाऱ्याने दर्शन झाल्यावर देवळाच्या मागे जरूर जावं. मागची भिंत सरळ नाही, ती माशासारखी निमुळती बांधली आहे. कृष्णेला पूर आला की लोंढा भिंतीवर धडकण्याऐवजी दोन्ही बाजूंनी वाटून जावा म्हणून. मी हात लावून बघितली. अडीचशेहून जास्त पावसाळे तिने अंगावरून असे वाटून दिलेत. शेजारच्या काशीविश्वेश्वरासमोर काळ्या दगडाचा तुळतुळीत नंदी आहे. एक लहान मुलगी त्याच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगत होती. तिची आई म्हणाली, "आटप, नंदीला इतरांचंही ऐकायचंय."

रास्त्यांची एक आठवण इथे येतेच. नानासाहेब पेशव्यांची पत्नी गोपिकाबाई ही वाईच्या रास्त्यांची लेक. विश्वासराव, माधवराव, नारायणराव या तिघांची आई. पुण्याच्या इतिहासात जिच्याबद्दल बरं-वाईट इतकं वाचलं, ती याच घाटावर लहानपणी खेळली असेल, हे मनात आल्यावर ती एकदम परकी राहिली नाही.

घाटाच्या पायऱ्यांवर एक आजी वाती वळत बसल्या होत्या. हिने विचारलं, इथे शूटिंग होतं ना? "होतं की. आमच्या घाटावर कितीदा बिहार येऊन गेला, उत्तर प्रदेश येऊन गेला. पाट्या हिंदीत लावतात, चार दिवस आम्हाला धुणं धुवायला येऊ देत नाहीत. मग पाट्या काढतात, परत वाई."

रात्री भाकरी, वांग्याचं भरीत, ओल्या हळदीचं लोणचं. साडेनऊला आळी चिडीचूप. पुण्यात मला मध्यरात्रीपर्यंत झोप येत नाही. इथे दहाला डोळा लागला आणि तीनला थंडीने उघडला. फेब्रुवारी आहे म्हणून गाफील राहू नका, पहाटे चांगलं गारठतं. पांघरूण न्या.

दिवस दुसरा, शुक्रवार

नळ सकाळी येतो आणि सकाळीच जातो. आम्ही चहा पीत बसलो आणि तो गेला. काकूंनी काही न बोलता दोन बादल्या आणून ठेवल्या, त्यांनी आधीच भरलेल्या. चाचणी परीक्षेत पहिला भोपळा.

मेणवली वाईपासून तीन किलोमीटर. हिने चालतच जायचं ठरवलं. वाटेत शेतात हळद शिजवायचं काम चाललं होतं. तो वास मी पहिल्यांदाच घेतला. मातीचा, उग्र, थोडा औषधासारखा. स्वयंपाकघरातल्या डब्यातल्या हळदीला तो अजिबात नसतो. शिजलेली हळकुंडं उन्हात पसरायची, वाळली की घासून चकाकवायची. शेतकरीदादांनी एक हळकुंड मोडून दाखवलं, आत गाजरासारखा रंग. हिचा रुमाल आजतागायत पिवळा आहे.

मेणवलीचा वाडा नाना फडणवीसांचा. सहा चौकांचा, आणि बराचसा शाबूत. आत गेलं की एका चौकातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, दिशाच कळेनाशी होते. काही भिंतींवर जुनी चित्रं आहेत, रंग विटलेले, पण रेषा अजून धरून आहेत. मोबाईलचा फ्लॅश मारू नका, एवढं कृपा करून पाळा. नानांच्या संग्रहातले कागद, म्हणजे अभ्यासक ज्याला मेणवली दफ्तर म्हणतात ते, आता पुण्याला डेक्कन कॉलेजात आहेत. म्हणजे मी पुण्याहून वाईला जे बघायला आलो, त्याचा अर्धा भाग माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर होता. ही हसली. मी हसलो नाही.

वाड्यामागचा घाट हा मात्र खरा ठेवा. अर्धचंद्रासारख्या पायऱ्या, काठावर मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ, आणि एका छोट्या दगडी घुमटीत टांगलेली प्रचंड घंटा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे आणि १७०७ हे साल. वसईच्या १७३९ च्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधून आणलेली ही घंटा. हे मला वाचून ठाऊक होतं. जे ठाऊक नव्हतं ते असं की तिच्या सावलीत गावातल्या दोन बाया वाळवण राखत बसल्या असतील आणि त्यांतली एक म्हणेल, "मेरीमाता हाये ती. आमच्या हिथं आल्यापासनं आमचीच." तिने पदराने घंटेवरची धूळ पुसून आम्हाला ते चित्र नीट दाखवलं.

नदीचं मात्र खोटं लिहिणार नाही. मेणवलीला पाणी नितळ होतं, तळाचे गोटे दिसत होते. तीच कृष्णा खाली वाईच्या घाटांशी येईपर्यंत गावाचं सांडपाणी तिच्यात मिसळलेलं असतं. आदल्या संध्याकाळी घाटावर बसलो होतो तेव्हा वारा फिरला की वास येत होता. 'दक्षिण काशी' म्हणून मिरवायचं आणि गटार तिच्यात सोडायचं, हे जमतं कसं? पण हा प्रश्न पुण्याच्या माणसाने, मुळा-मुठेच्या काठावर राहून, कोणत्या तोंडाने विचारायचा म्हणून मी गप्प बसलो.

मेणवलीहून एसटी मिळाली आणि धोमला गेलो. बहुतेक लोक धोम म्हणजे धरण समजतात. आम्हीही तेच समजत होतो. पण गावातल्या महादेवाच्या देवळासमोर कमळाच्या आकाराचं कुंड आहे. कुंडात दगडी कासव आणि कासवाच्या पाठीवरच्या मंडपात नंदी. कुंड पाण्याने भरलं की नंदी पाण्यावर तरंगतोय असं वाटावं, ही बांधणाऱ्याची योजना. देवळात आम्ही दोघं आणि एक मांजर, बाकी कोणी नाही. एवढ्या देखण्या जागी तिकीट नाही, रांग नाही, सेल्फी काढणारं कोणी नाही. ही पाऊण तास कुंडाच्या काठावर बसली. मी परतीच्या एसटीची वेळ विचारून घेतली नव्हती, ते चुकलंच. तुम्ही उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा. आम्ही शेवटी उसाच्या रिकाम्या ट्रॅक्टरवरून आलो. चालवणारा पोरगा विशीतला. म्हणाला, "पुण्यात हिंजवडीला होतो दोन वर्षं. परत आलो." का, असं विचारलं तर म्हणाला, "तिथं संध्याकाळ व्हायचीच नाही हो. ऑफिसातनं निघालं की थेट रात्र."

आणि आता बादलीचं.

माघ-फाल्गुनात वाईत कृष्णाबाईचा उत्सव असतो. घाट सात, आळ्या सात. एकेका आळीची पाळी असते. आपली पाळी आली की त्या घाटावर मांडव पडतो, कृष्णाबाईची मूर्ती बसते, मग कीर्तनं, भजनं, बायकांचे कार्यक्रम आणि शेवटी प्रसादाचं जेवण. याची कथा अशी सांगतात : १६५९ मध्ये अफजलखान वाईला तळ देऊन बसला होता. तेव्हा शेंडे शास्त्रींनी कृष्णामाईला नवस बोलला, की हे संकट टळू दे, तुझा उत्सव करीन. नोव्हेंबरात प्रतापगडाखाली खान मारला गेला, आणि तेव्हापासून नवस फेडणं चालू आहे. ज्याला आपण शाळेत चार मार्कांची टीप म्हणून पाठ केलं, त्याचं इथे दरवर्षी जेवण असतं.

आम्ही गेलो तेव्हा नेमकी अण्णांच्या आळीची पाळी होती. आम्ही पाहुणे म्हणून पंगतीत बसायच्या तयारीने गेलो. तर अण्णांनी कोणाला तरी हाक मारली, "याला आमटी द्या." मला वाटलं वाटी येईल. आली बादली. पितळी, काठोकाठ आमटीने भरलेली आणि कडीला हात लावू नये इतकी तापलेली. "पुढून सुरू करा. भातावर घालायची, पानाच्या डाव्या बाजूला नाही."

बँकेत चौतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला वाकून पळत वाढणं येत नाही, हे मला तिसऱ्याच पानाला कळलं. एका काकांच्या धोतरावर आमटी सांडली. ते म्हणाले, "असू दे, नवीन दिसताय." पुढच्या पानावरच्या मुलाने हात आडवा धरला तरी मी वाढली. ओळ संपेपर्यंत कंबर गेली आणि तोपर्यंत मागून "आमटी! आमटी!" अशा हाका. माझ्या बाजूने भात वाढणारा गृहस्थ गावातला डॉक्टर निघाला. जिलबी वाढणारा भाजीवाला. डॉक्टर मला सांगत होता, "मनगट फिरवा, खांदा नाही." त्या तासाभरात मला जेवढी माणसं नावानिशी कळली, तेवढी आमच्या सोसायटीत अठरा वर्षांत कळलेली नाहीत. सर्वात शेवटी वाढप्यांची पंगत. अंधार पडलेला, पाय पायरीवर, खालून पाण्याचा आवाज, गार झालेली आमटी. मी तीनदा मागून घेतली.

जाणार असाल तर या उत्सवाच्या तिथी गावात कोणाकडून तरी आधी विचारून घ्या, कोणत्या घाटावर कधी ते पंचांगावर ठरतं. होळीनंतर रंगपंचमीला जवळच्या बावधनला बगाड, म्हणजे बैलांनी ओढायच्या नवसाच्या लाकडी गाड्याची जत्रा असते, तेही अण्णांनी बजावून सांगितलं. आणि कन्यागत, म्हणजे गुरू कन्या राशीत येतो ते बारा वर्षांनी येणारं पर्व. मागचं २०१६ ला सुरू झालं होतं, आता २०२८. "तेव्हा मात्र गावात पाय ठेवायला जागा नसते," काकू म्हणाल्या, "खोली आत्ताच धरून ठेवा." धंदा त्यांनाही कळतो.

दिवस तिसरा, शनिवार

सकाळी नळ आला तेव्हा मी उठून तयार होतो. दोन बादल्या, एक घागर, सगळं भरलं. काकूंनी फक्त "हं" म्हटलं.

त्यानंतर सुट्टीचा दिवस म्हणजे काय ते बघितलं. नऊपासून पुण्या-मुंबईच्या गाड्या गावातून महाबळेश्वरकडे सुरू झाल्या त्या थांबेचनात. मुख्य रस्ता ओलांडायला आम्हाला दहा मिनिटं लागली. काचेमागे सगळे आपल्यासारखेच चेहरे, पुलावर एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा कपाळाला. मला कोणीतरी आरसा दाखवल्यासारखं झालं. तेव्हा वाई बघायची तर सोमवार ते गुरुवार या. पुस्तकांची आवड असेल तर घाट चढून पाचगणीजवळचं भिलार, ते पुस्तकांचं गाव, करता येईल. आम्ही ते मागे केलं होतं म्हणून गेलो नाही.

दहाच्या सुमारास लाईट गेली. हिने माडीवरच्या खोल्यांच्या लांबी-रुंदीचं माप घेतलं, साडीच्या काठाने. मी तोट्यांची यादी केली. जिना उभा आहे, माझे गुडघे साठीला आलेत. संडास चौकाच्या पलीकडे. पावसाळ्यात कौलं गळतात, हे अण्णांनी आपणहून सांगितलं. मोठं दुखणं आलं तर सातारा नाहीतर पुणे. मुलगी बंगळूरला, ती म्हणणार बाबा वेडे झालेत का. यादी वाचून दाखवली. ही म्हणाली, "बरोबर आहे सगळं." आणि माप लिहून घेतलं.

निघताना काकूंनी पिशवीत हळद, घरचे तांदूळ आणि स्ट्रॉबेरीचा खोका दिला. ओट्यावरचे आजोबा पुन्हा पेपर वाचत होते. "आरसा राहिला का?" त्यांनी विचारलं. राहिला, म्हटलं. सुरूर फाट्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्या होत्याच, या वेळी मी हॉर्न वाजवला नाही.

पुण्याला आल्यावर चार दिवस भाड्याचा निरोप आला नाही. पाचव्या दिवशी अण्णांचा फोन आला, तो हिने घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"भाड्याचं बघू मागाहून," अण्णा म्हणाले. "उत्सवाच्या मंडळींची बैठक आहे परवा, पुढल्या वर्षीची वाढप्यांची यादी करायची आहे. डॉक्टर विचारतायत, आमटीपुढे तुमच्या ह्यांचं नाव घालू का?"

ही माझ्याकडे न बघता म्हणाली, "घाला. तोवर मनगट फिरवायला शिकतील."